झड कुठे गेली? मांजरा खोऱ्यातील एका गावाचे प्रकरण

२०२३च्या मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील कळंब भागातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आम्ही चौघांनी हवामानबदल या विषयावर एक कार्यक्रम घेतला आणि तो सपशेल फसला. चौघांत एक त्या शाळेचे गुरुजी होते, एक कृषी पदवीधर, एक आकडेवारीत रमणारा तरुण आणि चौथा मी, ज्याच्याकडे लिहिण्याचे आणि बोलण्याचे काम होते. तेव्हा फसण्याचा मोठा वाटा माझाच. हे टिपण त्या फसण्याचे आणि पुढे सव्वादोन वर्षे चाललेल्या दुरुस्तीचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. माणसांनी जे सांगितले ते घरच्या ओट्यावर बसून सांगितले, छापण्यासाठी नव्हे.

कार्यक्रमाची पहिली दहा मिनिटे ध्रुवाकडच्या वितळत्या बर्फावर गेली. मेच्या दुपारी, हापशावर नंबर लावून आलेल्या बायांना आणि पारावरून उठून आलेल्या म्हाताऱ्यांना पडद्यावर बर्फ दाखवण्यात काय हशील होते, याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही. त्यानंतर मराठवाड्याच्या पावसाचा आलेख आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशाच्या हवामान उपविभागांची मोसमी पावसाची मालिका थेट १८७१ पासून जुळवलेली आहे आणि तीत मराठवाडा स्वतंत्रपणे येतो. ही रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते, परंतु शतकभरात ती ठळकपणे खाली उतरलेली दिसत नाही. तरुणाने प्रामाणिकपणे तसे सांगितले: एकूण पाऊस कमी झालेला नाही. मागच्या रांगेतले ऐंशीच्या घरातले एक आबा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, तुमचा कागुद खोटा हाय का आमी खोटं हाव, येवढं एकदा सांगा.” उत्तराची वाट न पाहता ते निघाले. त्यांच्यामागे दहा-बारा माणसे उठली आणि उरलेल्यांना चहा देऊन आम्ही पडदा गुंडाळला.

परतताना गाडीत आमचा सूर असा होता की लोकांची स्मृती भाबडी असते. “आमच्या काळी पाऊस असायचा” असे प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. हे अर्धे खरेही आहे. गुरुजींनी मात्र एक साधी शंका काढली. आपण त्यांना “पाऊस कमी झाला का?” असे विचारले, पण गावात पाऊस हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतात, हे आपण विचारले का? गावाच्या बोलीत रोहिणीचा वळीव वेगळा, भिजपाऊस वेगळा, शिडकावा वेगळा आणि झड, म्हणजे दिवसेंदिवस न हटणारी रिपरिप, वेगळी. आर्द्रा, मघा, उत्तरा, हस्त अशा नक्षत्रांत सूर्य तेरा-चौदा दिवस असतो आणि त्या त्या नक्षत्राच्या पावसाला स्वतःचा स्वभाव असतो. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. “पडल्या मघा, नाही तर ढगाकडे बघा” असे म्हणणाऱ्या माणसाला वर्षाची बेरीज दाखवणे म्हणजे जेवणात काय काय होते असे विचारणाऱ्याला ताटाचे वजन सांगण्यासारखे होते.

भांडी मोजणारी मावशी

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला टेकला, अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत राहिले आणि मुंबईपर्यंत पाऊस पोहोचायला २५ जून उजाडला. मृग कोरडा गेला. पेरणीच्या पाभरी भिंतीला टेकून उभ्या होत्या, बियाणे घरात येऊन पडले होते आणि माणसांना बोलायला वेळच वेळ होता. शेतकऱ्यांच्या अडचणीने आमची सोय केली, हे लिहिताना संकोच वाटतो. पण घडले तसे ते आहे.

गुरुजींच्या ओळखीच्या एका मावशींकडे आम्ही सकाळी गेलो. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांच्या घराचा पुढचा भाग आता स्लॅबचा आहे, मागे एक खण जुन्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, उरला आहे. गुरुजींनी पावसाचे नावच काढले नाही, “मावशी, हे माळवद गळायचं का हो?” एवढेच विचारले. मावशी उठल्या आणि त्यांनी आम्हाला आत नेले. पहिली गळती कोपऱ्यातल्या खांबापाशी सुरू व्हायची, तिथे घागर लागायची. दुसऱ्या दिवशी उतरंडीजवळ थेंब सुरू, तिथे तपेले. तिसऱ्या दिवशी मधल्या तुळईच्या सांध्यातून धार, तिथे दुधाची कासंडी ठेवावी लागायची आणि दूध काढायला शेजारून भांडे आणावे लागायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी भांडी संपत आणि लेकरांना कोरड्या जागी सरकवत सरकवत रात्र काढावी लागे. गोवऱ्या भिजलेल्या असत म्हणून चुलीला तुराट्या, आणि तुराट्याही सर्द झाल्या की धुराने डोळे चोळत भाकरी. पाऊस घटकाभर उघडला की घरधनी पांढरी माती घेऊन माळवदावर चढत, भेगा बुजवत, पन्हाळीतला गाळ काढत. “सात सात दिस सूर्य दिसत न्हवता बगा. पाऊस काय मोठा न्हवता. पर हटत न्हवता.”

दारात बसलेला तरुण वहीत काही लिहीत होता. बाहेर आल्यावर त्याने वही दाखवली. त्यात एकच वाक्य होते: मावशी मिलिमीटर सांगत नाहीत, दिवस सांगतात.

हवामान खात्याच्या भाषेत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पर्जन्यदिन म्हणतात. मोजणी सकाळी साडेआठला होते आणि त्याआधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेवर चढतो. एका रात्रीत कोसळलेले १२० मिलिमीटर आणि सलग आठ दिवस रोज १५ याप्रमाणे रिपरिपलेले १२० मिलिमीटर वर्षाच्या बेरजेत सारखेच दिसतात. जमिनीला, विहिरीला, माळवदाला आणि माणसाला ते सारखे नसतात. पहिल्या पावसाचे पाणी काळ्या रानावरून माती घेऊन ओढ्याला जाते, दुसरे जिरते. मराठवाड्याखाली बहुतेक सर्वत्र काळ्या बसाल्टचा खडक आहे, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात जेवढे मावेल तेवढेच पाणी साठते आणि तेही सावकाश झिरपले तरच.

इथे आमचा आलेख आणि आबांचे रागावणे या दोहोंना एकाच वेळी खरे ठरवणारे संशोधन आधीच उपलब्ध होते, आणि आम्ही ते कार्यक्रमाला नेलेच नव्हते. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातील दैनंदिन पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आखलेल्या चौकटीत मराठवाड्याचा बराचसा भाग येतो. निष्कर्ष असा की दिवसाला १०० मिलिमीटरहून अधिक अशा जोरदार पावसाच्या घटना वाढत गेल्या, मध्यम पावसाच्या घटना घटत गेल्या आणि एकाच्या वाढीने दुसऱ्याची घट भरून निघाल्यामुळे हंगामाच्या सरासरीत लक्षणीय बदल दिसला नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या हवामानबदल मूल्यांकनातही १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे नोंदले आहे. यामागचे एक कारण शाळेतल्या मुलालाही सांगता येते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे आभाळाची घागर मोठी होते, भरायला वेळ लागतो आणि उलथली की एकदम रिकामी होते. (हा दृष्टान्त मावशींच्या घागरीवरून सुचला. तो शास्त्रीयदृष्ट्या थोडा ढोबळ आहे, पण बर्फापेक्षा बरा.)

आबा खोटे नव्हते आणि कागदही खोटा नव्हता. आबा झडीबद्दल बोलत होते आणि कागद बेरजेबद्दल.

आठवणींची उलटतपासणी

इथवर येऊन थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती: शहाणे गाव, उशिरा शहाणे झालेले शास्त्र. पण ज्या कसोटीवर आम्ही आलेख घासला त्याच कसोटीवर आठवणीही घासायला हव्या होत्या, आणि तिथे तीन ठिकाणी अडखळलो.

पहिली अडचण छताची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर या सगळ्या पट्ट्यात दगडमातीच्या घराची धास्तीच बसली. ज्यांना शक्य होते त्यांनी माळवद उतरवून पत्रे घातले, पुढे स्लॅब आले. स्लॅबखाली झोपणाऱ्या माणसाला बाहेर पाचवा दिवस रिपरिप चालू आहे याची कुठे जाणीव होते? मग झड कमी झाली की झडीचा त्रास कमी झाला? मावशींची आठवण पावसाची होती तितकीच ती छताचीही होती. म्हणून आम्ही छताशी संबंध नसलेला साक्षीदार शोधला. तो सापडला खुरपणीच्या मजुरीत. झड लागली की वाफसा होत नाही, म्हणजे रान काम करण्याजोगे सुकत नाही, खुरपे बंद, आणि हातावर पोट असलेल्या घरात त्या दिवसांची आठवण घट्ट बसलेली. मजुरी करणाऱ्या बायांनी श्रावणातले असे बसून काढलेले आठवडे त्या त्या वर्षांच्या लग्न-बाळंतपणांशी जोडून सांगितले. तरीही हा साक्षीदार अलीकडच्या वर्षांना उपयोगी पडत नाही, कारण आता खुरपणीची बरीच जागा तणनाशकाने घेतली आहे.

दुसरी अडचण अधिक खोल होती आणि तिच्यावर आमचे सर्वांत जास्त दिवस गेले. जवळपास प्रत्येक शेतकरी म्हणत होता की हल्ली पाऊस जाता जाता घात करतो, पूर्वी असे नव्हते. बारकाईने विचारले तेव्हा तारखा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या निघाल्या. म्हणजे हा तर हस्ताचा पाऊस! याच पावसाची या भागात चातकासारखी वाट पाहिली जात असे, कारण भारी काळ्या रानात त्याची ओल धरून रब्बीची ज्वारी, करडई, जवस, हरभरा पेरायचा आणि त्या ओलीवरच पीक काढायचे, अशी इथली जुनी रीत. मधल्या काळात खरिपाचे रान सोयाबीनने व्यापले. सोयाबीन नेमके त्याच दिवसांत काढणीला येते. शेंगा पिवळ्या पडलेल्या, कापलेल्या काडाची बनीम (गंजी) रानात लागलेली, आणि वर पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतात. जो पाऊस आजोबांच्या बोलण्यात रब्बी पिकवणारा होता तो नातवाच्या बोलण्यात ‘नुकसानीचा पाऊस’ झाला. यातला किती भाग हवामानाने बदलला आणि किती पीकपद्धतीने, हे वेगळे केल्याशिवाय सगळे खापर हवामानबदलावर फोडणे मला अप्रामाणिक वाटते. शेवटच्या पावसाचा जोरही वाढलेला असू शकतो. २०२१ साली गुलाब चक्रीवादळाचे अवशेष २८ सप्टेंबरच्या सुमारास मराठवाड्यावरून गेले तेव्हा मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली, तो काही सोयाबीनचा दोष नव्हता. तथापि त्याच तारखांना रानात दुसरे पीक असते तर हानीची गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली गेली असती, एवढे निश्चित.

तिसरी अडचण १९७२च्या दुष्काळाची. कोणतीही कोरडी आठवण विचारा, ती घरंगळत बहात्तरला जाते: खडी फोडण्याची कामे, सुकडी, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्यापुढे २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात मोसमी पावसात सुमारे ४० टक्के तूट होती, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तरी गावाच्या बोलण्यात मोठा दुष्काळ बहात्तरचाच. एका तात्यांनी याचा उलगडा केला: “बहात्तरला आडाला पानी व्हतं, खायाला न्हवतं. आता खायाला हाय, पानी न्हाई.” हे वाक्य मराठवाड्यात अनेकांच्या तोंडी ऐकू येते आणि त्यात दुष्काळाच्या व्याख्येचा बदल अचूक पकडला आहे, मधल्या चाळीस वर्षांत विंधनविहिरी, ऊस आणि रेशनचे धान्य हे तिन्ही आले. आठवण भुकेला मोठी जागा देते. पर्जन्यमापक भूक मोजत नाही.

पारावरची दुसरी सभा

दुसरी सभा २०२३च्या ऑगस्टअखेर मारुतीच्या पारावर झाली. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पिके माना टाकत होती, त्यामुळे लोक आले; पण त्यांची मनःस्थिती ऐकण्याची नव्हती. या वेळी पडदा नव्हता आणि मीही बोललो नाही.

सुरुवात मावशींनी केली. गुरुजींच्या विनंतीवरून त्यांनी घागर, तपेले आणि कासंडी आणून पारावर मांडली आणि कोणत्या दिवशी कोणते भांडे, ते सांगितले. म्हातारी माणसे मध्येमध्ये आपापली भांडी सांगू लागली. मग मुलांनी एक लांब धोतर अंथरले. त्यावर तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या आम्हाला मिळालेल्या नोंदींतून एकेका वर्षाची एकेक ओळ मांडली होती: प्रत्येक पर्जन्यदिनाला ज्वारीचा एक दाणा आणि अतिवृष्टीच्या, म्हणजे ६५ मिलिमीटर ओलांडलेल्या, दिवसाला एक खडा. दाणे खळीने चिकटवलेले. ज्या वर्षांच्या नोंदी एका कार्यालयातून गहाळ झाल्या होत्या त्या ओळी रिकाम्या ठेवल्या. त्या भरून द्यायला लोक उत्सुक होते, “त्या साली लई पाऊस, लावा दानं”. आम्ही लावले नाहीत. यावर थोडी कुरबुर झाली, परंतु रिकाम्या ओळी तशाच राहिल्यामुळे भरलेल्या ओळींवरचा विश्वास वाढला, असे मला नंतर वाटले.

आबा आले होते. ते धोतराच्या कडेने वाकून चालत गेले, बहात्तरच्या ओळीपाशी थांबले आणि बराच वेळ पाहत राहिले. “इतके तरी दाणे व्हते व्हय?” एवढेच म्हणाले. त्यांच्या आठवणीत त्या साली थेंबही नव्हता.

तरुणाने त्यानंतर जे सांगितले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका मापकाच्या नोंदीवरून हवामान बदलल्याचे सिद्ध होत नाही. एका ठिकाणचा पाऊस वर्षागणिक इतका हेलकावतो की त्यात खरा कल बुडून जातो. मोठ्या प्रदेशाच्या अभ्यासात मध्यम पाऊस घटून जोरदार पाऊस वाढल्याचे दिसते. तुमच्या आठवणी त्या चित्राशी विसंगत नाहीत. यापलीकडे आज मी काही म्हणू शकत नाही. आम्हाला भीती होती की एवढ्या मोजक्या दाव्याने लोकांची निराशा होईल. तसे झाले नाही. उलट प्रश्न आले, आणि ते कामाचे आले: दोन पावसांतला खंड मोजता येतो का, पेरणीआधी गावातच मोजमाप करता येईल का. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला दरवर्षी येतो, पण आपल्या शिवारात नेमका किती झाला हे कळत नसल्याने शेतकरी माती उकरून वीतभर ओल पाहतो. महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, हे खरे; तथापि मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस आणि आठ किलोमीटरवरच्या शिवारातला पाऊस यांत किती फरक असतो, हे विम्याचा दावा केलेल्या कोणालाही विचारावे.

शाळेत साधा पर्जन्यमापक बसला. २०२४च्या जूनमध्ये शाळा सुटल्यावर लोक फळ्यावरचा आकडा पाहून जाऊ लागले. ओल मात्र अजूनही हाताने पाहतात, आणि ते योग्यच आहे.

व्याख्येचा वाद

शाळेच्या नोंदवहीत गुरुजींनी ‘झड’ असा एक रकाना आखला होता. त्यासाठी व्याख्या ठरवावी लागली. पारावरच्या चर्चेतून ठरले ते असे: सलग चार किंवा अधिक दिवस रोज २.५ मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्या दिवसांत ऊन पडलेले नसावे. कृषी पदवीधराने ते नीट लिहून काढले आणि आम्ही सर्व जण त्यावर खूश होतो.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन पूर आले. नदीकाठच्या रानांतली माती वाहून गेली, महसूल खात्याच्या पंचनाम्यांत ‘खरडून गेलेली जमीन’ असा शब्द पानोपानी आला. त्या दिवसांत शाळेचा मापक रोज भरत होता आणि एका सकाळी तो ओसंडलेला सापडला. पाणी ओसरल्यावर सहावीतल्या मुलीने नोंदवही पूर्ण केली आणि व्याख्येप्रमाणे तपासून ‘झड’ रकान्यात ‘होय’ लिहिले.

मावशींच्या नातीकडून ही बातमी घरी पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः शाळेत आल्या. त्यांचे म्हणणे होते की हे चूक आहे. “झडीत मानूस घरात बसून ऱ्हातंय, मास्तर. ह्यात घर सोडून पळावं लागलं. ही झड कशी?” गुरुजींनी व्याख्या वाचून दाखवली. मावशींनी ती ऐकून घेतली आणि विचारले की त्यात कमीत कमी किती ते लिहिले आहे, जास्तीत जास्त किती ते कुठे आहे?

ते नव्हते. हवामान खाते चोवीस तासांतील ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार पाऊस म्हणते. ती आमच्या झडीची वरची मर्यादा ठरली आणि त्या सप्टेंबरच्या पानावरचा ‘होय’ त्याच मुलीने खोडून ‘नाही’ केला. आता धोतरावरच्या सगळ्या जुन्या ओळी नव्या व्याख्येने पुन्हा मोजाव्या लागतील. तरुणाने ते काम अंगावर घेतले आहे. रिकाम्या ओळी अर्थातच रिकाम्याच राहतील.